शेवंता आहे का?

गेल्या श्रावणातली गोष्ट. दुपारचे साडेबारा वाजले असतील. आई नारळीभातासाठी नारळ खवत बसली होती, दोन्ही हात खोबऱ्याने माखलेले, आणि तिचा मोबाइल ओट्यावर वाजायला लागला. "घे गं तेवढा," म्हणाली म्हणून मी घेतला. पलीकडे बाईचा आवाज, वयस्कर, फोनवर जुनी माणसं बोलतात तसा ओरडून. "शेवंता हाय का?" मागे एसटीचा हॉर्न, माणसांचा गलका. मी म्हटलं, "नाही हो, रॉन्ग नंबर." "आं?" "शेवंता कुणी नाही इथे." आणि ठेवून दिला. आईने विचारलं, कोण होतं? "कुणी शेवंता म्हणून विचारत होतं," मी म्हटलं आणि खवणीची करकर थांबली.

"अगं, माझाच होता तो."

मला माहीत नव्हतं असं नाही, आणि म्हणूनच ते दिवसभर टोचत राहिलं. आईचं माहेरचं नाव शेवंता आहे हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. पण ते कानावर कधी पडत नसे. मामा तिला आक्का म्हणतात, त्यांची मुलं आत्या. सासरी ती सुनंदा, दिरांची वहिनी, बाबांची 'अगं', आमची आई. शेवंता म्हणणारी माणसं गावाकडे होती आणि ती एकेक करून गेली. मी लगेच त्या नंबरवर फोन लावला. एका पोराने उचलला. वाईच्या बाजूला रस्त्याकडेला त्याची चहाची टपरी. "एका आज्जीनं चिठ्ठी दिली हुती, नंबर लावून दे म्हनली. गेली की ती, एसटी लागली तिची." नाव? माहीत नाही. बाजारच्या दिवशी येते बहुतेक. मी त्याला पुन्हा पुन्हा सांगितलं, परत आल्या तर सांगा, शेवंता इथेच आहे, मुलीची चूक झाली. आई खोबऱ्याच्या हातानेच बोटं मोजत होती. "शेवंता म्हणणाऱ्या आता दोघीच. मामेबहीण, ती तर अंथरुणाला खिळलेली. म्हणजे नकू असणार."

लग्न १९६९चं. आई एकोणीस वर्षांची, चौथी पास, वाई तालुक्यातल्या एका खेड्यातून पुण्यात आलेली. गृहप्रवेश झाला, माप ओलांडलं, लक्ष्मीपूजन झालं आणि तांदूळ पसरलेलं ताट समोर आलं. ताट चांदीचं, शेजाऱ्यांकडून मागून आणलेलं. बाबांनी बोटातली अंगठी काढून तिच्या कडेने तांदळात नाव लिहिलं. ते काय असणार हे आईला कुणी आधी विचारलं नव्हतं आणि सांगितलंही नव्हतं. बाबांचं नाव आनंद, म्हणून ती सुनंदा. हे आजीने ठरवलेलं. शेवंता नाव आजीला गावंढळ वाटायचं. ऑफिसातली माणसं घरी येणार, त्यांच्यापुढे हाक काय मारायची, असं म्हणाली होती म्हणे. नाव वाचून दाखवलं, साखर वाटली, झालं. मी एकदा आईला विचारलं होतं की त्या तांदळाचं पुढे काय केलं. तिला प्रश्नच कळला नाही. "काय करणार? दुसऱ्या दिवशी भात केला."

त्या आजीचंही एक सांगण्यासारखं आहे. आजोबांचं नाव गोपाळ. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही हा नेम तिने इतका कसोशीने पाळला की गोकुळाष्टमीच्या गोपाळकाल्याला ती नुसतं 'काला' म्हणायची. घरात कुणाचंही बारसं असलं की पाळण्याभोवती बायका जमायच्या, घुगऱ्यांचा वास सुटलेला असायचा, आत्याच्या पाठीत धपाटे घालायला पोरी टपून बसलेल्या असायच्या, आणि 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' सुरू व्हायचं. आजी पहिला अर्धा भाग खणखणीत म्हणायची. दुसऱ्या अर्ध्याला ओठ मिटून घ्यायची. बाळ पाळण्याखालून-वरून फिरत राहायचं, आणि आजीचा आवाज असा येत-जात राहायचा. मंगळागौरीला उखाण्यात मात्र ती तेच नाव मिरवून मिरवून घ्यायची, कारण उखाण्यात ते चालतं. माझ्या आत्याची एक जाऊ होती, तिच्या नवऱ्याचं नाव खंडेराव. रेशनच्या दुकानात कुटुंबप्रमुखाचं नाव विचारलं की ती म्हणायची, "जेजुरीचा देव घ्या लिहून." इतकं सांभाळलेलं नाव. ते उच्चारलं तर नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, असा तो विश्वास. आजीने आयुष्यभर आजोबांचं नाव असं तळहातावरच्या फोडासारखं जपलं. तिचं स्वतःचं माहेरचं नाव काय होतं हे मात्र आज आमच्या घरात कुणालाच ठाऊक नाही. मी काकांना विचारलं, आत्याला विचारलं. आत्या बराच वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "आम्ही कधी विचारलंच नाही गं."

या फोननंतर मला जिथे तिथे बायकांची जुनी नावं दिसायला लागली. अमेरिकेत जाऊन १८८६ साली डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. नवव्या वर्षी लग्न झालं आणि गोपाळरावांनी आनंदी ठेवलं. न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी रमाबाई, त्याही माहेरच्या यमुनाच. टिळकांच्या पत्नी सत्यभामाबाई म्हणजे माहेरची तापी. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली ज्या बालविधवेशी पुनर्विवाह केला त्या गोदूबाई. लग्नानंतर त्याही आनंदीबाई झाल्या. दोन यमुना, एक तापी, एक गोदा. चार नद्या उंबऱ्याशी येऊन थांबल्या. झाशीची राणी तर काशीच्या घाटाचं नाव घेऊन जन्मलेली मणिकर्णिका, सासरी लक्ष्मी झाली. मी हे जुळवत बसले होते, तेव्हा मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायातला तो श्लोक आठवला. नक्षत्राचं, झाडाचं, नदीचं, डोंगराचं, पक्ष्याचं, सापाचं नाव असलेली मुलगी करून घेऊ नये, असं त्यात सांगितलंय. या बायकांची नावं त्या श्लोकामुळेच बदलली असं मी म्हणणार नाही. बदलणाऱ्यांनी तो वाचलाही नसेल आणि नाव बदलायची रीत तर सगळ्याच नवऱ्यामुलींना लागू होती. पण वाहतं, उगवतं, उडतं ते नाव बाईला नको, ही भीती कुठेतरी लिहून ठेवलेली सापडली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. शेवंती हेही फुलझाडच की.

त्याच ग्रंथात दुसऱ्या अध्यायात पुरुषांच्या नावांचेही नियम आहेत. ब्राह्मणाचं नाव मंगल असावं, क्षत्रियाचं बळाचं, वैश्याचं धनाचं आणि शूद्राचं जुगुप्सित, म्हणजे ऐकूनच किळस यावी असं. तो ग्रंथ २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जाळला गेला, हे आपण शाळेत एका ओळीत शिकतो. माझ्या वर्गात एक मुलगी होती, तिच्या आजोबांचं नाव कचरू. अशी नावं मूल जगावं म्हणूनही ठेवत, सगळ्याच जातींत. धोंडू, दगडू, केरू. आधीची मुलं गेली की पुढच्याला मृत्यूच्या नजरेतून लपवायचं, याला आम्ही मोजतच नाही असं दाखवायचं. त्या नावांमागे आईबापाचा जीव गुंतलेला असे. पण तिच्या आजोबांचं नाव तसं नव्हतं. ते नाव तालुक्याच्या कचेरीत कुणीतरी मोठ्याने पुकारायचं आणि बाकीचे हसायचे, हे तिने मला सांगितलं होतं. १४ ऑक्टोबर १९५६ ला ते नागपूरला दीक्षाभूमीवर गेले होते. परत आले आणि पुढच्या मुलांची नावं गौतम आणि सुजाता ठेवली. ती हे सांगायची तेव्हा 'सुजाता' शब्दावर जरा थांबायची. ते तिच्या आत्याचं नाव. तिने पुढे एकदा म्हटलं, की पहिलं नाव आम्ही आमच्या हाताने बदललं, पण लोक विचारतात आडनाव. हे खरंच आहे. आपल्याकडे कुणी पहिलं नाव सांगून थांबलं की समोरचा वाट बघत राहतो. "पूर्ण नाव?" मग आडनाव. त्यातूनही उलगडा झाला नाही, तर "म्हणजे तुम्ही मूळचे कुठले?" आडनावातून जातीपर्यंत पोहोचेपर्यंत त्या माणसाला चैन नसते, आणि पोहोचला की त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हलतं. दहावीच्या गुणपत्रिकेवर आपलं आडनावच आधी छापलेलं असतं.

आता नकूबद्दल. मी तिला कधी पाहिलेलं नाही. आईच्या बोलण्यात ती यायची: नकूने विहिरीत उडी मारली, नकू आणि मी बोरं चोरायला गेलो, नकूचं लग्न माझ्या आधी झालं. नकू हे लाडाचं असणार, नकुल वगैरेवरून, असं मी लहानपणी धरून चालले होते. २०११च्या ऑक्टोबरमध्ये पेपरात बातमी आली की सातारा जिल्ह्यात २८५ मुलींची नावं समारंभ करून बदलली. सगळ्यांचं नाव एकच: नकुशा. नकुशी, नकोशी. मुलगा हवा असताना पुन्हा मुलगी झाली, आता पुरे, या अर्थाचं. त्या मुलींना हातात गुच्छ आणि नव्या नावाचं प्रमाणपत्र दिलं. मी ती बातमी आईला वाचून दाखवली, आनंदाने. आई ऐकत राहिली आणि म्हणाली, "नकूच्या वेळी असं काही नव्हतं." तेव्हा मला कळलं. चौथी मुलगी. तिसरीपर्यंत नावं धड ठेवली, चौथीला नाव ठेवायचा कंटाळा केला. शाळेच्या पटावरही तेच. मी विचारलं, सासरी तरी बदललं ना? "बदललं की. काहीतरी चांगलं ठेवलं. लक्ष्मी का रुक्मिणी... मला नाही आठवत." तिच्यासाठी ती नकूच. मला ते फार लागलं. इतक्या जवळच्या मैत्रिणीनेही त्या नावाने हाक मारत राहावी? मी तसं बोलूनही दाखवलं. आईने मान हलवली, वाद घातला नाही.

नाव बदलणं म्हणजे काय, याबद्दल माझं मत तोवर पक्कं होतं. मी लग्नात नाव बदललं नाही, आडनावही नाही. लोकांनी लादलेलं नाव टाकून स्वतःचं घ्यायचं ही मुक्ती आणि स्वतःचं काढून घेऊन दुसरं लादायचं हा अन्याय. आईवर अन्याय झाला, असं मी तिच्याच समोर अनेकदा म्हटलंय. एकदा ती पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, "मला आवडलं होतं गं ते नाव. सुनंदा. माझं नाव कुणी लिहिलेलं मी शाळा सुटल्यावर पहिल्यांदाच बघितलं. सोन्याच्या अंगठीनं लिहिलेलं. शेवंता म्हणजे काय, ए शेवंते शेण भर, ए शेवंते धारा काढ." मग थोड्या वेळाने, पोळी तव्यावर टाकून, "पण तुझे गावाकडचे आजोबा शेवू म्हणायचे." एवढंच. पोळी फुगली, तिने ती उलटली. मी पुढे काही विचारलं नाही, कारण माझ्याकडे तयार असलेल्या कुठल्याच शब्दात हे दोन्ही बसत नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी मामांनी हक्कसोडीचा विषय काढला. आजोबांच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर वारस म्हणून दोघा मामांबरोबर आईचं नाव लागलं होतं आणि ते अर्थातच शेवंता होतं, पुढे आजोबांचं नाव, माहेरचं आडनाव. आधार कार्डावर सुनंदा. दोन्ही बायका एकच हे सिद्ध करायला प्रतिज्ञापत्र करावं लागलं. स्टॅम्पपेपरवर टाइप केलेलं ते वाक्य मला पाठ झालंय: 'वरील दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असून ती व्यक्ती मीच आहे.' वकिलांच्या माणसाने सांगितलं, आजी, दोन्ही नावांनी सही करा. सुनंदाची सही आईने झरझर केली, बँकेत करते तशी, शेवटी एक रेघ ओढून. मग पेन हातात धरून बसली. शेवंता ही सही तिने आयुष्यात कधी केलेलीच नव्हती. पाटीवर लिहिलं होतं ते चौथीपर्यंत. तिने 'श' काढला, मात्रा दिली, 'व'वर अनुस्वार द्यायचं विसरली, मग मागे येऊन दिला. अक्षर दहा वर्षांच्या मुलीचं. गोल, मोठं, शिरोरेषा आधी आखून घेतल्यासारखी सरळ. तो माणूस घाईत होता, त्याने कागद ओढून घेतला.

जमिनीवरचा हक्क तिने सोडला याबद्दल मी अजूनही रागात आहे. भाऊ तुटायला नको, दिवाळीला माहेर राहायला हवं, हे तिचं म्हणणं. ते मी ऐकलं, पटलं नाही. पण माझा खरा जीव अडकला तो नंतर. फेरफार मंजूर झाल्यावर मामेभावाने नवा उतारा मोबाइलवर पाठवला. तलाठी कचेरीच्या भाषेत याला 'नाव कमी होणं' म्हणतात. कमी झालेलं नाव सातबाऱ्यावर कंसात जातं. कंसात शेवंता. सरकारी कागदांत ते नाव जिवंत असलेली शेवटची जागा तीच होती.

म्हणून त्या दुपारी 'शेवंता कुणी नाही इथे' हे माझ्या तोंडून निघालं ते मला इतकं लागलं.

यंदा माझ्या भाचीला मुलगी झाली. जन्माचा दाखला काढताना नव्या नियमाची आठवण झाली: १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाच्या नावात आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. मी ते आईला मोठ्या उत्साहाने सांगितलं. माझ्या गुणपत्रिकेवरच्या माझ्या नावात तिचं नाव नव्हतं. या मुलीच्या नावातच तिची आई असणार. आईने कौतुकाने ऐकलं आणि विचारलं, "आईचं कुठलं लिहायचं? माहेरचं का सासरचं?" भाचीने नाव बदललेलंच नाही, हे मी सांगितल्यावर ती म्हणाली, "मग बरंय. एकच आहे म्हणजे."

टपरीवरून फोन पुढच्या बाजारी आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. आईने काही म्हटलं नाही, पण त्या दिवशी सकाळी मोबाइल चार्जिंगला लावून ठेवायची आणि जिथे बसेल तिथे बरोबर न्यायची. भाद्रपद लागला, गौरी-गणपती झाले. पितृपक्षातल्या एका दुपारी ती मागच्या बाल्कनीत कपडे काढत होती आणि फोन वाजला. तोच नंबर.

"शेवंता हाय का?"

"आहे, आहे. देते हं. ठेवू नका, देते."

मी धावत गेले. आईने हातातले कपडे माझ्या खांद्यावर टाकले, पदराला हात पुसले, कोरडेच होते तरी पुसले, आणि फोन दोन्ही हातांनी कानाला धरला. "कोण? नकू?" पलीकडून काहीतरी मोठ्याने आलं. आई हसली. तो आवाज मी यापूर्वी ऐकलेला नाही, आणि मी तिच्याबरोबर पन्नास वर्षं राहिलेय. "नकू... नकूबाय... आगं कवाधरनं वाट बघतीया मी. बोल की. बोल माझी नकू." तिची पुण्याची भाषा कुठल्या कुठे गेली होती. बाल्कनीतल्या मोडक्या स्टुलावर ती टेकली, पाय वर घेऊन, मांडी घालून.

गॅसवर दूध होतं. मी आत जाऊन गॅस बारीक केला आणि बाल्कनीचं दार हळूच लोटून घेतलं.